फ्रेश म्हणजे ताजं नव्हे

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात रोहूच्या खवल्यांनी भरलेले होते. बायकोने फोन माझ्या कानाला लावला. ऐकलं, हातातली मासोळी पुरती साफ करून दिली आणि मगच दुकान बंद केलं. गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं असतं तर ताईच रागावली असती...

ताई जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत होती आणि मी सक्करदऱ्यात मासोळी विकतो. आमच्याकडे फक्त तलावाची. समोर समुद्राच्या मच्छीचं दुकान उघडलं तशी माझी गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. ताई म्हणाली, "बोर्डावर फ्रेशवॉटर फिश लिही. लोकांले फरक कळू दे." पेंटरने ते लिहिलं आणि खाली स्वतःच्या अकलेने मराठीही केलं, 'ताज्या पाण्याचे मासे'. झालं! पहिल्याच रविवारी एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पाणी ताजं हाय, समजलं. मासोळी कवाची हाय गा?" लोक हसले आणि निम्मे समोरच्या दुकानात गेले. मासोळी पहाटेची होती हो. पण धंदा बुडायची पाळी आली.

संध्याकाळी ताईने बोर्ड वाचला आणि तिथेच वर्ग भरवला. "फ्रेश म्हणजे ताजं, खरं हाय. कॉलेजातला नवीन पोरगा फ्रेशर, आगाऊपणा करणाराही फ्रेश. पण पाण्याले चिकटला का अर्थ एकच, मीठ नसलेलं. मग ते डबक्यातलं शिळं का असेना." तिने पेंटरकडून 'गोड्या पाण्याची मासोळी' करून घेतलं. मग नवीन भानगड, "गोड लागते काय?" ताई कित्येक रविवार दुकानात खुर्ची टाकून प्रत्येकाला समजावत राहिली. ऐकायला थांबलेला माणूस मासोळी घेऊनच जायचा. माझं दुकान त्या खुर्चीने तारलं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पुढे तिची किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. झणझणीत सावजी रश्श्यावर वाढलेली बाई ती, अळणी ताट पाहून तोंड फिरवायची. तिने जेवणच सोडलं तेव्हा आम्ही घाबरलो. एका दुपारी मी बिनमिठाचा मासोळीचा रस्सा घेऊन गेलो.

"मले नको. अळणी हाय."

"अळणी काहून? फ्रेशवॉटर हाय," मी म्हटलं. "तूच शिकवलं ना वं ताई, फ्रेश म्हणजे मीठ नसलेलं."

ती हसली. "ते फक्त पाण्याले लागू होते, गाढवा," म्हणाली आणि वाटी ओढून घेतली. तेव्हापासून माझ्या घरून रोज तिची वाटी जायची. ती जेवायची, आणि रोज माझ्या इंग्रजीच्या चुका काढायची.

परवाच्या रविवारी घरी रस्सा उकळत होता. मीठ टाकायच्या आधी बायकोने सवयीने एक वाटी बाजूला काढली आणि तशीच उभी राहिली. मी ती वाटी माझ्या ताटात घेतली. वरून मीठ घेतलं नाही.