अंशतःकाका आणि वर अडकलेला पाऊस

हवामान कचेरीत एकतीस वर्षं अंदाज लिहून माणसाचं काय होतं, ते पाहायचं असेल तर अंशतःकाकांना चहा विचारावा. ते आधी खिडकीबाहेर बघतात आणि मग म्हणतात, "शक्यता आहे." 'अंशतः ढगाळ' हे शब्द त्यांनी इतक्या वेळा लिहिले की गल्ली त्यांचं खरं नाव विसरून गेली. स्वतःचं लग्न ठरताना वडिलांनी विचारलं होतं, "मुलगी पसंत ना?" तर म्हणाले, "साधारण सत्तर टक्के." ते कुणीतरी मुलीच्या कानावर घातलं. उरलेल्या तीस टक्क्यांबद्दल काकू अजून बोलून दाखवतात.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. ऐन उन्हाळ्यात, रविवारी सकाळी, नदीकाठच्या मैदानावर. मैदान व्याह्यांच्या पसंतीचं. व्याह्यांचा मालवाहतुकीचा धंदा. ट्रक अठरा, आणि आवाज एकोणिसाव्या ट्रकचा.

बुधवारी काकांनी कचेरीत वरच्या वाऱ्यांचा नकाशा उघडला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग शेजारच्याचा चष्मा मागून घेऊन पाहिला. संध्याकाळी काकूंना घेऊन ते थेट व्याह्यांकडे गेले.

"लग्न शाळेच्या सभागृहात हलवू या."

"का बुवा?" व्याही गरजले. "आभाळात औषधालासुद्धा ढग नाही!"

"इथे खाली नाही. पण वर, दहा किलोमीटरवर, वाऱ्याची एक मोठी नदी वाहते. पश्चिमेकडून पूर्वेकडे. पावसाची ये-जा तिच्या जिवावर. आता तिला भलंमोठं वळण पडलंय आणि ते जागचं हलत नाहीये. पुढे जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसलीय. मागून कमी दाबाचा भोवरा येतोय, तो आपल्या डोक्यावर येऊन अडकणार. समुद्रावरची गरम, ओली हवा त्याला पाणी पुरवत राहणार. एरवी चार गावांत वाटून पडला असता, तो सगळा पाऊस एकट्या आपल्यावर. तीन दिवस."

व्याह्यांनी डोळे मिटले. "म्हणजे गल्लीच्या तोंडाशी ट्रक आडवा, मागे आमचा ट्रक अडकलेला, आणि त्यात माल भरणं चालूच."

"बरोब्बर!"

"खाली असं झालं की क्लीनर उतरतो, हात दाखवतो. वर कोण उतरणार?"

"कोणीच नाही. म्हणून तर तीन दिवस."

"ते सगळं ठीक. पण शक्यता-बिक्यता नको. पडणार की नाही?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या शब्दावर साडूंनी सहल रद्द केली होती आणि दिवसभर कडकडीत ऊन पडलं होतं. साडू ते अजून दर भेटीत ऐकवतात. पुन्हा तसं झालं तर लेकीला जन्मभर सासरी टोमणे खावे लागणार.

"पडणार," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रविवारी सकाळी लख्ख ऊन. सभागृहात अडीचशे माणसं आणि सहा पंखे, त्यातले दोन नुसता आवाज करायला. साडू खिडकीशी उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "वा! ऊन हलकं ते मध्यम दिसतंय!" काका दर पाच मिनिटांनी बाहेर जाऊन येत, प्रत्येक वेळी थोडे बारीक होऊन. व्याही काहीच बोलत नव्हते. एकोणिसाव्या ट्रकचं इंजीन बंद, ही खूण काही बरी नव्हती.

लग्न लागलं. जेवणं आटोपत आली. आणि पावणेएकला पत्र्यावर कुणीतरी खडीचा ट्रक उलटा करावा तसा पाऊस आला. तासाभरात मैदानाचं तळं झालं. व्याह्यांनी भर सभागृहात काकांना उचललं आणि आपल्या ट्रकच्या आवाजात सांगितलं, "आमचे व्याही!" साडू चपला शोधायला गेले, त्या बराच वेळ सापडल्या नाहीत.

दुपारी पूल पाण्याखाली गेला. वऱ्हाड शाळेतच राहिलं. व्याही, विहीणबाई, जावई आणि आणखी आठ जण काकांच्या तीन खोल्यांत आले. काकूंनी काकांना स्वयंपाकघरात गाठलं.

"तीन दिवस हलणार नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"मग पाहुणे कुठे हलणार होते? घरात एका दिवसाचंच सामान का भरलंत?"

काका डब्यांकडे बघत राहिले. आकाशातली कोंडी त्यांनी चार दिवस आधी ओळखली होती. तिच्याखाली आपलं घर येतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हे नकाशात दिसत नाही गं," ते पुटपुटले.

तीन दिवस भात आणि बटाटे, बटाटे आणि भात. व्याही काकांच्या पलंगावर घोरत, काका टेबलाखाली. पण रविवारी संध्याकाळीच सासरी जायची ती लेक अजून घरातच होती. ओट्यावर बसून आईशी भांडत होती, बाबांचे ओले मोजे इस्त्रीनं वाळवत होती. काकांना बटाटे गोड लागत होते.

मंगळवारी दुपारी कचेरीत त्यांनी नकाशा उघडला. वळण सैल पडलं होतं. भोवरा हलू लागला होता. काकांनी नियमाप्रमाणे अंदाज लिहिला, पाठवला आणि छत्री असूनही भिजत घरी आले.

"बाबा, उद्या थांबेल?" लेकीनं विचारलं. अकरा माना त्यांच्याकडे वळल्या.

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "सांगता येत नाही. शक्यता... आहेही, नाहीही."

तेवढ्यात कोपऱ्यातला रेडिओ खणखणीत आवाजात म्हणाला, "उद्या सकाळपासून पावसाची पूर्ण उघडीप. हवामान कचेरीचा अंदाज."

लेकीनं इस्त्री खाली ठेवली. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

व्याही पलंगावरून उठले आणि रेडिओ बंद केला.

"रेडिओचं काय ऐकताय? कोण लिहितो देव जाणे! व्याही म्हणतात ना सांगता येत नाही? मग आम्ही परवा निघू." आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "वहिनी, बटाटे आहेत ना?"