इमेल्डाची पोटदुखी

कॉर्मॅक कॉयलला आयर्लंडच्या फुटबॉल संघात घेतलं, ही बातमी स्लायगोत सगळ्यांत आधी कळली ती इमेल्डा टायर्नीच्या केस कापायच्या दुकानात, आणि सगळ्यांत कमी आवडली तीही तिथंच. एका बाईच्या डोक्याला रंग लावून झाला होता, दुसरी ड्रायरखाली बसली होती. रेडिओवर कॉर्मॅकचं नाव आलं तशा दोघी टाळ्या वाजवायला लागल्या. इमेल्डा म्हणाली, "वा, छान झालं हो." हे ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की रंगवाल्या बाईने आरशातून तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

पोटात दुखायला कारण होतं. कॉर्मॅक हा शेजारच्या नोरीनचा मुलगा. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. इमेल्डाचा डेक्लन आणि कॉर्मॅक एका वयाचे, एकाच क्लबात खेळायला लागलेले. नोरीनचा नवरा मासेमारीच्या बोटीवर, घरात गाडी नाही. त्यामुळे दर शनिवारी दोन्ही पोरांना कॅसलबारला सरावाला नेणं आणि परत आणणं हे काम इमेल्डाच्या गळ्यात पडलं. सहा हिवाळे तिने ते केलं. मागच्या सीटवर चिखलाचे बूट, ओल्या मोज्यांचा वास आणि मारामाऱ्या. नोरीनचं पोर तर गाडी लागून दोनदा ओकलंही होतं. मैदानाच्या कडेला थर्मास घेऊन उभी राहून इमेल्डाने दोघांचाही खेळ पाहिला होता, आणि दोघांत आपला डेक्लन उजवा, हे तिचं ठाम मत होतं. ते तिने कधी स्वतःपुरतं ठेवलं नाही.

सोळाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका क्लबाने दोघांनाही नेलं. नाताळ जवळ आला आणि डेक्लनचा रडत फोन आला. "आई, मला इथं करमत नाही गं. घरी येऊ?" इमेल्डाचं काळीज पाघळलं. "ये बाळा, उद्याच ये," ती म्हणाली, आणि दुकान बंद ठेवून विमानतळावर जाऊन उभी राहिली. त्याच आठवड्यात कॉर्मॅकही आईजवळ रडला होता. नोरीनने त्याला सांगितलं, "तोंड धू आणि सरावाला जा," आणि फोन ठेवून दिला.

डेक्लन परत गेला नाही. आता तो विजेची कामं करतो, चांगली करतो. पण इमेल्डाच्या मनात एक गणित पक्कं बसलं होतं. त्या दिवशी आपण नोरीनसारखं दगड झालो असतो, तर आज रेडिओवर आपल्या पोराचं नाव असतं. म्हणजे नोरीनच्या पोराचाही मत्सर आणि नोरीनच्या दगडपणाचाही. नोरीन समोर आली की ती हटकून म्हणायची, "खरा खेळाडू माझा होता बरं का. घरची ओढ आडवी आली, नाहीतर." नोरीन म्हणायची, "होता खरा." आणि विषय तिथं संपायचा.

सामन्याच्या आठवड्यात रेडिओवाल्यांनी नोरीनला बोलावलं. तिने फादरचे आभार मानले, शाळेच्या मास्तरांचे मानले, प्रशिक्षकाचे मानले. पोराला फुकट बटाट्याचे चिप्स देणाऱ्या दुकानदाराचेही मानले. "आणि आमच्या सगळ्या शेजाऱ्यांचे," असं म्हणून तिने आटोपतं घेतलं.

"सगळे शेजारी!" इमेल्डा नवऱ्यावर कडाडली. "त्या सहा नंबरच्या म्हाताऱ्याने काय केलं गं बाई? अंगणात गेलेला बॉल परत द्यायचा नाही तो!"

"मला गं बाई कशाला म्हणतेस?" गस म्हणाला आणि पेपरात तोंड घालून बसला.

शुक्रवारी सकाळी नोरीन दुकानात हजर. दुपारच्या बसने ती डब्लिनला निघणार होती, केस बसवून हवे होते. "टीव्हीवर आम्हाला दाखवणार म्हणे," ती आरशात बघत म्हणाली. "दाखवलं नाही तर बरं. पण दाखवलंच तर निदान माणसासारखं दिसावं."

इमेल्डाने केस रोलरवर असे घट्ट ओढले की नोरीन ओरडली, "आई गं!"

"तू हललीस."

"अगं, एक काम होतं. तुझं बाळ आज बाहेर ठेवशील का? उद्या पाऊस नको. ओल्या मैदानात माझं पोर घसरतं, तुला माहीतच आहे."

बाळ म्हणजे प्रागच्या बाळ येशूची मूर्ती. लग्नाच्या किंवा मोठ्या समारंभाच्या आदल्या संध्याकाळी ती कुंपणाखाली ठेवली की दुसऱ्या दिवशी पाऊस पडत नाही, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मूर्तीची मान आपोआप तुटली असेल तर गुण जास्त. मुद्दाम तोडून चालत नाही. इमेल्डाच्या बाळाची मान साफसफाईत आपोआप तुटली होती, मग ती डिंकाने चिकटवली. तेव्हापासून गावातल्या नवऱ्या मुली ते बाळ मागून नेत आणि त्यांची लग्नं कोरडी पार पडत.

"ठेवते की. त्यात काय सांगायचं?" इमेल्डा म्हणाली.

संध्याकाळी मूर्ती काखेत घेऊन ती दारापर्यंत गेलीही. गल्लीभर हिरवे, पांढरे, नारिंगी झेंडे लागले होते. नोरीनच्या खिडकीत कॉर्मॅकचा हा एवढा मोठा फोटो. सहा नंबरच्या म्हाताऱ्याने स्वतः शिडीवर चढून दोरी बांधली होती, आणि ती बांधायला त्याने नेमकं इमेल्डाच्या पन्हळीचं टोक वापरलं होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती आल्या पावली मागे फिरली, मूर्ती स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली आणि तिचं तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "बस इथंच."

शनिवारी पाच वाजता सामना सुरू झाला तेव्हा डब्लिनमध्ये पाऊस नुसता ओतत होता. इमेल्डाला क्षणभर वाईट वाटलं आणि मग वाईट वाटेनासं झालं. डेक्लन हिरवी जर्सी घालून बसला होता, हॅमच्या सँडविचवर ताव मारत होता, कॉर्मॅकच्या नावाने टाळ्या पिटत होता. ह्या पोराला काहीच कसं वाटत नाही? आठवडाभर तिला हाच राग होता. आपण एकटीनेच जळायचं का?

आयर्लंड एका गोलाने मागे होतं. शेवटची वीस मिनिटं उरली आणि कॉर्मॅकला बदली म्हणून उतरवलं. डेक्लन उभा राहिला, गसही उभा राहिला. इमेल्डा बसूनच राहिली. त्या वेळी तिने मनात काय मागितलं, ते ती कन्फेशनमध्ये फादरलाही सांगणार नव्हती. आणि मागितलेलं लगेच मिळालं. पहिल्याच बॉलला कॉर्मॅक घसरून चारी मुंड्या चीत झाला.

"अरेरे," इमेल्डा म्हणाली आणि एक सँडविच उचललं.

ते सँडविच खाऊन संपायच्या आत कॉर्मॅकने लांबून एक फटका मारला. काही खास नव्हता, सरळ गोलकीपरच्या हातात गेला. पण बॉल पावसाने बुळबुळीत झालेला. तो हातांतून निसटला, दोन पायांमधून गेला आणि सावकाश गोलात शिरला. गसने टेबलावर हात आपटला. टीव्हीवर नोरीन दिसली, रडत होती. केस चपट होऊन कपाळाला चिकटले होते. शुक्रवारचा इमेल्डाचा दीड तास पाण्यात.

सामना बरोबरीत सुटला. गस पबकडे पळाला. डेक्लन चहा ठेवायला आत गेला आणि तिथूनच त्याने हाक मारली.

"आई, हे बाळ आत काय करतंय?"

"विसरले मी."

"भिंतीकडे तोंड करून विसरलीस?"

तो चिडला नाही. किटली बंद केली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. इतका वेळ हसणाऱ्या पोराचा चेहरा उतरला होता.

"आई, आता पुरे. माझ्यासाठी जळू नकोस. मला करमत नव्हतं म्हणून मी परत आलो नव्हतो."

"म्हणजे?"

"त्यांनीच काढलं मला. त्यांच्या माणसाने आत बोलावून तोंडावर सांगितलं, की तुझा वकूब एवढाच. कॉर्मॅक बाहेर थांबला होता. मी रडत फोन केला, तूच म्हणालीस ये. मला ते बरं पडलं. तू सगळ्यांना सांगत सुटलीस की पोराला घरची ओढ. मग मी कशाला खोडू?"

"कॉर्मॅकला माहीत होतं?"

"नोरीनलाही. तेव्हापासून."

त्या रात्री इमेल्डाला झोप लागली नाही. 'खरा खेळाडू माझा होता' हे आपण नोरीनला किती वेळा ऐकवलं, ते ती आठवत पडली. दुकानात, गिरजाघराच्या पायऱ्यांवर, नोरीनच्याच आईच्या मयताला. प्रत्येक वेळी ती बाई 'होता खरा' एवढंच म्हणाली होती. लाजेने इमेल्डाचे कान तापले, आणि लाजेमागोमाग रागही आला. दया करते काय माझ्यावर?

रविवारी दुपारी नोरीन बसमधून उतरली. इमेल्डा फाटकातच उभी होती. तिने पोराचं अभिनंदनही केलं नाही.

"डेक्लनला त्यांनी काढलं होतं. तुला माहीत होतं."

नोरीनने पिशवी खाली ठेवली.

"होतं."

"मग इतकी वर्षं ऐकून का घेतलंस?"

"सहा हिवाळे तू माझं पोर नेलंस," नोरीन म्हणाली. "रेडिओवर तुझं नाव घ्यायला गेले, तर तिथंच भोकाड पसरणार होते मी. म्हणून सगळे शेजारी म्हणून मोकळी झाले. आणि तू चार शब्द बोललीस, ते ऐकून घेतले, तर त्यात माझं काय गेलं?"

ती पिशवी उचलून आत गेली. इमेल्डा फाटक धरून उभीच राहिली. तिला रडू येत होतं आणि तितकाच जळफळाटही होत होता. पोरगाही हिचाच मोठा निघाला आणि मनही हिचंच मोठं निघालं. शेजारणीसाठी माणसाने एखादी तरी गोष्ट शिल्लक ठेवावी की नाही?