प्रेमदासच्या आवाजासाठी

प्रेमदास आज सकाळी गेला.
आवाज त्याचा आधीच गेला होता.

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शाळेत सायन्स शिकवायचा. मागच्या बाकावरचं पोरगंही दचकून सरळ बसावं, असा आवाज.

मग जीभ जड व्हायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, इलाज नाही. एकेक करून सगळंच बंद पडणार.

"परीक्षेपस्तोर तरी शिकवू दे," एवढंच म्हणायचा.

बाजारातला माईक आणला. पण त्याचं बोलणं आता कुजबुजीएवढं. व्हॉल्यूम वाढवला की त्याच्याआधी खरखरच मोठी व्हायची.

"अनिस, आपणच बनवू," मला म्हणाला.

कॉलेजात आम्ही दोघं एकाच टेबलावर प्रॅक्टिकल करायचो. दर रविवारी मी हिंगोलीहून त्याच्या तांड्यावर जायला लागलो.

आम्ही जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर वीज देणाऱ्या सप्लायमधून येत होती. त्यात व्होल्टेज हवं तेवढं ठेवणारा तीन पायांचा रेग्युलेटर होता. त्याच्या अ‍ॅडजस्ट पिनला कपॅसिटर लावला, खरखर बरीच उतरली.

पण शिट्टी राहिली. वायरजवळ हात नेला की तिचा सूर बदलायचा. रेग्युलेटर स्वतःच ऑसिलेट होत होता, म्हणजे त्याचं व्होल्टेज आपोआप वरखाली हलत होतं.

मी म्हणालो, "फेक तो, दुसरा टाकू."

त्यानं मान हलवली. लांब वायरी तोडायला लावल्या. इनपुटचा कपॅसिटर अगदी रेग्युलेटरच्या पायांशी आणायला लावला, आउटपुटचा बदलायला लावला. तो दाखवायचा, सोल्डरिंग मी करायचो.

शिट्टी थांबली.

स्पीकरला कान लावला. शांत. मला वाटलं, बंदच पडला. माईकवर टिचकी मारली, तर खणखणीत वाजली.

मी ओरडलोच, "प्रेम, बोल!"

त्यानं माईक तोंडाशी धरला. ओठ हलले. चांगलं लांब वाक्य होतं.

स्पीकरमधून नुसता श्वास आला.

मी नॉब फुल केला. "परत बोल रे."

श्वासच.

सविता वहिनी दारातून म्हणाल्या, "काय म्हणून राहिले ओ, अनिसभाऊ?"

"लिहून दे," मी प्रेमला म्हणालो. त्यानं मान फिरवली. स्विच त्यानंच बंद केला. परत कधी लावू दिला नाही.

परीक्षा दुसऱ्या सरांनी घेतली.

मग खाट. मग नाकात नळी. मी जायचो, एकटाच बोलायचो. तो बघत राहायचा.

प्रेम, त्या दिवशी तू काय म्हणालास, न्हाई कळलं रे. वहिनींना न्हाई, मला न्हाई.

आता कळणारही न्हाई.

जा, दोस्ता. अखेरचा सलाम.