धानोऱ्याच्या पुढचे शेंगदाणे

नागपूरहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा मांडीवर एक थर्मासची पेटी होती. कंडक्टरने विचारलं, पोलिओचा डोस आहे का? मी हो म्हटलं. बुरशीचं विष ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या, असं सांगितलं असतं तर त्याने पेटी टपावर टाकायला लावली असती.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मी शिकवत होते त्या कॉलेजात या पट्ट्या नुकत्याच आल्या होत्या. त्याआधी धान्यातलं विष तपासायचं म्हणजे नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि वाट बघत बसायचं. आता दाणे दळा, स्पिरिटसारख्या द्रावणात हलवा, गाळा, पट्टी बुडवा. दोन रेषा उमटल्या तर माल चांगला, एकच उमटली तर त्यात विष. चहा होईपर्यंत उत्तर मिळतं.

मला बोलावलं होतं कोवे सरांनी. ते धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका निवासी शाळेत शिकवत. दुपारच्या खाऊचे शेंगदाणे कडू लागतात आणि लहान मुलं खाऊन ओकतात, असा त्यांचा निरोप होता.

नागभीड गेलं, सिंदेवाही गेलं. दोन्ही बाजूंनी हलका धान (लवकर येणारा भात) पिवळा पडून वाकला होता. मूलला गाडी थांबली तेव्हा राइस मिलच्या कोंड्याचा वास खिडकीतून आत आला. पुढे वैनगंगेचा पूल. पाणी अजून गढूळ आणि पात्र भरून होतं. गडचिरोलीत गाडी बदलली आणि धानोरा सोडल्यावर सागाची पानं खिडकीला घासू लागली. इतका सुंदर रस्ता मी क्वचितच पाहिला आहे. परतताना त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

कोवे सर फाट्यावर उभे होते. त्यांनी ‘जोहार’ केला आणि चहासुद्धा न विचारता थेट कोठीत नेलं. पत्र्याला भोक होतं, पण पोती त्याखाली नव्हती. ती कोरड्या कोपऱ्यात रचलेली होती. म्हणजे माल इथे भिजला नव्हता, भिजूनच आला होता. पोत्यात हात घातला तर आतले दाणे ऊबदार लागले. हात बाहेर काढला तर बोटांना हिरवट पूड.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी सामान मांडलं. सैपाकीण दुर्गाबाई पाट्यावर दाणे वाटून देत होती. मधूनच तिने विचारलं, “बाई, धुऊन भाजले त नाई चालत का? पुरवठ्याचे साहेब तसंच सांगून गेले.” मी सांगितलं, भाजल्याने बुरशी मरते, पण तिने सोडलेलं विष पुरतं जात नाही. ते लिव्हर पोखरतं, आणि लहान मुलांचं जास्त.

पट्टीवर एकच रेषा आली. दुसऱ्या पोत्यातले दाणे घेतले, पुन्हा एकच. मग मी थांबले.

दुसऱ्या दिवशी पुरवठ्याचे साहेब जीपने आले. त्यांनी पट्टी हातातही घेतली नाही. असल्या कागदाला कायद्यात किंमत नाही, असं ते म्हणाले. नमुना सील करून प्रयोगशाळेत जाईल, अहवाल येईल, तोवर खाऊ बंद ठेवता येणार नाही. मुलांचा आहार बंद केला तर कोवे सरांवरच कारवाई होईल. मी विचारलं, अहवालात विष निघालं तर तोवर खाल्लेल्याचं काय? ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकवायचं काम करा.”

मी काही बोलणार तोच दुर्गाबाई दारात येऊन उभी राहिली.

“साहेब, मले कायदा समजत नाई. पन हे दाने मी रांधणार नाई. तुमच्या पोरायले आधी खाऊ घाला, मंग मी चूल पेटवतो.”

तिला कामावरून काढण्याची भाषा झाली. ती तिथून हलली नाही. दुपारपर्यंत जवळच्या टोल्यावरचे (वस्तीवरचे) आईबाप अंगणात येऊन बसले. कोणी ओरडत नव्हतं. सोबत त्यांनी घरचे तांदूळ आणले होते. त्या दिवशी मुलांनी भात आणि अंबाडीची भाजी खाल्ली. मलाही पानावर वाढलं, वर वाळल्या झिंग्यांची चटणी. त्या माणसांकडे बघून साहेब नरमले असावेत. नमुना सील झाला आणि माल पुरवणाऱ्या ठेकेदाराने तो परत न्यावा, असा हुकूम निघाला. आपण जिंकलो, असं मला वाटलं.

ठेकेदाराचा ट्रक माल न्यायला आला त्याच दिवशी मी निघणार होते. एसटी आली नाही, म्हणून कोवे सरांनी मला ड्रायव्हरशेजारी बसवून दिलं. वैनगंगा ओलांडल्यावर मी सहज विचारलं, हा माल नष्ट कुठे करतात?

“नष्ट काऊन करतीन?” ड्रायव्हर म्हणाला. “मूलले उतरवून राह्यलो. शेठनं गिऱ्हाईक पाह्यलं हाये.”

मूलचं गिऱ्हाईक म्हणजे रशीदभाई, दाण्या-डाळीचे जुने व्यापारी. ट्रक त्यांच्या गोदामापुढे थांबला, तशी मी आधी उतरले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, माझ्यासमोर करून दाखवा. त्यांच्याच काट्यावर दाणे तोलले, घरातल्या मिक्सरमधून काढले. एकच रेषा. त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि ड्रायव्हरला सांगितलं, माल खाली उतरवायचा नाही.

मी आभार मानले, तर ते म्हणाले, “शुक्रिया कायचा, मॅडम? मी नाई घेतला म्हनून कोनीच घेनार नाई, असं थोडीच हाये.”

समोरच्या एसटीडी बूथवरून मी साहेबांना फोन लावला. ट्रक अजून इथेच उभा आहे, थांबवा, असं सांगितलं. ते म्हणाले, शाळेतून माल निघाला, तुमची तक्रार मिटली. खासगी माल कुठे जातो ते माझ्या खात्यात येत नाही. फोन ठेवून वळले तर ट्रक चंद्रपूरच्या रस्त्याला लागला होता. मी नंबर कागदावर उतरवून पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने विचारलं, चोरीचा माल आहे का? मी नाही म्हटलं. मग आम्ही काय करणार, असं तो म्हणाला, आणि बसायला खुर्ची दिली.

घरी आल्यावर जो तो विचारी, वाघ दिसला का? मी शेंगदाण्यांचं सांगू लागले की लोक म्हणत, अगं, पण मुलं तर वाचली ना? वाचली. दुर्गाबाईची नोकरीही वाचली, आईबापांनी ती जाऊ दिली नाही. पण या ‘पण’नेच माझ्या अंगाची आग होते. ती मुलं वाचली, मग कोणाची मुलं खात होती ते दाणे? बल्लारपूरची? राजुऱ्याच्या खाणकामगारांची?

प्रयोगशाळेचा अहवाल पुढे उन्हाळ्यात आला. माल खाण्यास अयोग्य, असं त्यात होतं. तोवर तो कोणीतरी खाऊन संपवला होता.