रंगमंचाखालची वही

करडीकडच्या आमच्या गावात सांस्कृतिक भवन बांधायचं ठरलं, तेव्हा रंगमंचाखाली स्टीलचा डबा पुरायची कल्पना माझीच. आत गावाच्या आठवणी ठेवायच्या, पन्नास वर्षांनी उघडायच्या. कुणी धानाच्या लोंब्या दिल्या, कुणी जुने फोटो. मी बाबांच्या पेटीतून त्यांची दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, वही काढून दिली. त्यांना विचारलंसुद्धा नाही. आपल्या घरचं काहीतरी त्या डब्यात असावं, ही हौस. खोटं कशाला बोलू?

देण्याआधी मोबाईलवर फोटो काढले होते. कोरी पानं लागली तिथे थांबलो. बाबा वही दोन्हीकडून लिहायचे. पुढून गाणी, सवाल-जवाब. वही उलटी करून मागून गण. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार सुरू होताना बाबा म्हणायचे तो, त्यांनीच रचलेला. हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरी त्या दिवशी विसरलो.

उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना बाबा म्हणाले, “माही वही दे. गण मलेच म्हणाचा हाय, पाहून घेतो. आता याद राहत नाही.”

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. “हे तं पुढची बाजू हाय. गण कुठी हाय?”

मागच्या बाजूचे फोटो मी काढलेच नव्हते. वही कुठे आहे ते सांगून टाकलं.

“काहून दिली?” एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तो गण पाठ असलेल्या त्यांच्या साथीदारांपैकी आता कुणी उरलेलं नाही. तो आठवडा माझं कशातच लक्ष लागेना. दोनदा भवनात जाऊन नुसती रंगमंचाची फरशी बघून आलो. शेवटी समितीच्या अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, “गुरुजी, हात लावाचा नाही असं तुमीच म्हणून राहिले होते. आता काँक्रीट फोडाचं का?”

उद्घाटनाला बाबा उभे राहिले. दोन कडवी खणखणीत म्हटली. तिसऱ्याच्या पहिल्याच ओळीत अडले. डफवाल्याने तीच थाप पुन्हा पुन्हा वाजवली, मग तोही थांबला. बाबांनी पायाने फरशीवर हळूच ठोकलं.

“बाकीचा गण खाली हाय,” ते लोकांना म्हणाले. “पन्नास वर्सानं ऐकजा.”

लोक हसले, टाळ्या पडल्या. मला तिथे बसवेना.