भामाबाईची पिसलेली चित्रं

चकलांब्याच्या भामाबाईला राग लवकर यायचा, हे खरं. पण त्या दुष्काळात आलेला राग रास्त होता.

दूध संघाने गुरांची छावणी उघडली आणि आजारी जनावर ओळखायला दहा बायांना शिकवायचं ठरवलं. शिकवणारे उत्तरेश्वर साहेब. सोमवारी पोटफुगी, मंगळवारी घटसर्प, बुधवारी फऱ्या. एका दिवशी एकच रोग, त्याचीच चित्रं आणि संध्याकाळी त्याचीच परीक्षा. मंगळवारी कुठलंही चित्र दाखवा, बाया एका सुरात "घटसर्प" म्हणायच्या आणि पैकीच्या पैकी गुण घ्यायच्या. साहेब खूश. असली हुशारी काय चुलीत घालायची?

भामाबाईचं डोकं तडकलं. तिने सगळ्या रोगांची चित्रं पत्त्यांसारखी पिसली आणि एकेक ओळखायला बसली. दहातली पाच चुकली. बाया फिदीफिदी हसल्या. साहेब म्हणाले, अशी खिचडी केली तर डोक्यातही खिचडीच होणार.

"मग गाय काय रोगाचं नाव सांगून आजारी पडती व्हय, साहेब?"

हे बोलणं तिला भोवलं. नऊजणींना बिल्ले मिळाले, तिला छावणीतलं शेण उचलायचं काम. चित्रांचा एक जुना संच मात्र तिने हट्टाने मागून घेतला आणि रोज घरी पिसत राहिली. रोज चुकायची, स्वतःवरच चिडायची. दोन रोगांत सारखं काय आणि वेगळं काय, हे तिला चुकतमाकतच उमगलं.

महिन्याभराने वच्छलाबाईची गाय धापा टाकू लागली. वच्छलाबाई बिल्लेवाली. त्या आठवड्यात तिने तीन पोटफुग्या पाहिलेल्या, म्हणून ही चौथी. पोटफुगीवरचा उतारा म्हणून तिने गोडेतेलाची बाटली गाईच्या तोंडाशी नेली. भामाबाईने शेणाची पाटी तिथेच आदळली आणि गाईला हात लावून पाहिला. कान तापलेले, गळा सुजलेला, पोटफुगीत फुगते ती डावी कूस मात्र सपाट.

"पाजू नको, वच्छला. घटसर्प हाय. तेल फुफ्फुसात गेलं तर मरंल ती."

डॉक्टर धावत आले, सुई टोचली, गाय वाचली. वेळेवर ओळखलं कुणी, असं त्यांनी विचारलं तेव्हा साहेबांनी खुशाल वच्छलाबाईकडे बोट दाखवलं. इतका निलाजरेपणा! वच्छलाबाईलाच तो सोसला नाही. ती म्हणाली, ओळखलं भामाबाईनं, मी माझ्या हातानं माझीच गाय मारत होते.

साहेब ओशाळले. भामाबाईचंही नाव यादीत घालतो, उद्या बिल्ला घेऊन जा, म्हणाले.

"माझं मागून बघा," भामाबाई म्हणाली. "आदी ह्या नऊजणींला पुन्यांदा शिकवा, समदे रोग मिसळून. छावणीत चारशे गुरं हायती. मी एकली कुठं कुठं पुरू?"