कोचच्या फाइलमधले दोन फोटो

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या बिस्किटांच्या डब्यातले दोन फोटो पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, हू आर दे?" मी विषय बदलला. आता डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी लिहून टाकते.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईत अल कुसैसला राहत होतो आणि मी एका फुटबॉल क्लबच्या ऑफिसात सेक्रेटरी होते. कोच ब्राझीलचे. खेळाडू असतानाच त्यांचा गुडघा गेला, मग कोचिंग सुरू झालं. आमचा क्लब अकरावा. प्रत्येक ठिकाणी एकटेच गेले. या वेळी मात्र बायको आणि नऊ वर्षांच्या मुलीला आणायचं ठरवलं होतं. पडदेसुद्धा घेतले होते.

"मादाम," ते म्हणायचे, "तुमच्या फायली माझ्या डिफेंडरांपेक्षा जागेवर असतात."

तिथली पद्धत अशी, की टीम लागोपाठ दोनदा हरली की मॅनेजर कोचला काढल्याचं पत्र आधीच टाइप करून घेत, फक्त तारीख कोरी ठेवत. तिसरी मॅच हरली की तारीख घालायची, खलास. पत्र त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे. तेव्हाही दोन मॅच हरलो होतो, पण त्या आठवड्यात मॅनेजर अबू धाबीला होते, म्हणून पत्र माझ्याकडे राहिलं. एका माणसाचे सगळे कागद एकाच फाइलमध्ये, हा माझा नियम. मी पत्र कोचच्या फाइलला लावलं.

तिसऱ्या मॅचच्या आदल्या दिवशी कोच फॅमिली व्हिसाच्या फॉर्मवर सही करायला आले. मी नेहमीसारखी फाइल पुढे केली. वरच पत्र होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"तारीख राहिलीय, मादाम."

मी घाईघाईने पत्र खाली घालून फॉर्म वर केला.

मग फॉर्मवर बोट ठेवून म्हणाले, "यावर सही करू? त्यांना बोलवू?"

हो म्हणायची माझी हिंमत नव्हती. नाही म्हटलं, तर माझी नोकरी जायची. मी म्हणाले, "इन्शाल्ला." देवाची इच्छा असेल तर; ना हो, ना नाही.

ते हसले. "अकरा क्लबांत हेच ऐकलंय." पेनाला टोपण लावून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टीम जिंकली. मॅनेजर फोनवर खुशीत होते. "यल्ला, चला, पत्र ड्रॉवरमध्ये ठेवा, व्हिसाचं पाठवून द्या." मी फॉर्म घेऊन मैदानावर धावत गेले.

कोचनी हातही लावला नाही. "पत्र फाडलं?"

"नाही."

"मग राहू दे. बायकोला येऊ नको म्हणून सांगितलंय."

पुढे लागोपाठ तीन मॅच हरलो. तारीख मीच टाइप केली. एक सुटकेस घेऊन ते बाराव्या क्लबला गेले. पुढे कुठे, मला माहीत नाही.

मॅनेजरांनी जुने कागद फाडायला सांगितले, तेव्हा तो फॉर्म मी घरी आणला. त्यांच्या बायकोचा आणि मुलीचा, दोन्ही फोटो अजून त्याला स्टेपल केलेले आहेत. सहीची जागा कोरी आहे.